धुराड्याची बाजू

आमच्या उरुग्वेच्या फुटबॉल लीगमध्ये नुसतं यंदाचं पाप मोजत नाहीत, गेल्या वर्षीचंही मोजतात. दोन्ही हंगामांचे गुण एकत्र करायचे, सामन्यांच्या संख्येने भागायचे आणि त्या सरासरीत जे तीन क्लब तळाला राहतील त्यांची खालच्या विभागात रवानगी करायची. हा नियम ज्या शहाण्याच्या डोक्यातून निघाला तो कुर्तिएंब्रेच्या वस्तीत एकटा सापडला असता, तर धड अंगाने घरी परत गेला नसता.

कारण यंदा कुर्तिएंब्रे, म्हणजे आमचा क्लब, चांगलं खेळला होता. फेब्रुवारीत नवा प्रशिक्षक आला, त्याने पोरांना पळायला लावलं. जुलैच्या ऐन हिवाळ्यात नदीवरचा वारा हाडं गोठवत असताना लागोपाठ पाच सामने जिंकले. नुसता यंदाचा तक्ता पाहिला तर सोळांत नववे. असा हंगाम वस्तीने दहा वर्षांत पाहिला नव्हता. पण गेल्या वर्षी हेच लोक इतकं घाण खेळले होते की शेवटून पहिले आले, आणि ते मढं यंदा पाठीवर घेऊन सगळ्या लीगभर फिरावं लागलं. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, शेवटच्या सामन्याला, हिशोब सरळ होता. बरोबरी झाली तरी वाचले, हरले तर गेले.

एल्बिओ तेचेरा या क्लबचं सामान बघायचा. शर्ट, बूट, चेंडू, पाण्याच्या बाटल्या, गोलकीपरचे हातमोजे, सगळं. एकतीस वर्षं. क्लब चामड्याच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढलेला. एल्बिओचा बाप दिवसभर कातडी चुन्यात बुडवायचा आणि रविवारी सकाळी मैदानाच्या भिंतीसाठी विटा वाहायचा. कारखाना बंद पडून जमाना झाला. आता त्याचं धुराडं तेवढं मैदानाच्या एका बाजूला उभं आहे, दुसऱ्या बाजूला ओढा आहे. तरी अजून बाहेरच्या संघाचे लोक आले की नाकाला चिमटा लावून गॅलरीत बसतात आणि ‘कातडी आली, कातडी आली’ म्हणून ओरडतात. आमचे लोकही आता अभिमानाने स्वतःला कातडीच म्हणवतात.

एल्बिओने लग्न सोमवारी केलं, कारण शनिवार-रविवार सामने होते. मुलगा झाला तेव्हा तो संघाबरोबर देशाच्या दुसऱ्या टोकाला पायसांदूत होता, आणि इल्दाला, म्हणजे त्याच्या बायकोला, फोनवर त्याने आधी निकाल सांगितला आणि मग पोराचं वजन विचारलं. इल्दाने हे त्याला कधी विसरू दिलं नाही. पण त्याला बदलायच्या भानगडीतही ती पडली नाही.

पोरगा म्हणजे लीबेर. एकुलता एक. याच मैदानावर वाढला, याच तपकिरी-पांढऱ्या शर्टात पहिला गोल केला, आणि एकोणिसाव्या वर्षी पुंता ब्रावाने त्याला उचलला. पुंता ब्रावा हा शहराच्या श्रीमंत टोकाचा क्लब, समुद्राकडे तोंड करून बसलेला. पहिली चार वर्षं लीबेर तिथे चमकला. मग गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, तो परत उभा राहिला, पण मार्चपासून त्याच्या पायातून एक गोल निघाला नव्हता. करार डिसेंबरात संपत होता आणि क्लबात कोणी त्याच्याकडे बघून बोलत नव्हतं. एकच आशा होती. मेक्सिकोतल्या एका क्लबचा माणूस शेवटच्या रविवारी त्याला बघायला येणार होता.

आणि शेवटच्या रविवारी पुंता ब्रावाचा सामना कुणाशी? कुर्तिएंब्रेशी. कुर्तिएंब्रेच्या मैदानावर. पुंता ब्रावाला त्यातून ना काही मिळायचं होतं ना गमवायचं होतं, ते आपले पाचव्या जागेवर निवांत होते.

त्या आठवड्यात एल्बिओला रस्त्याने चालणं मुश्कील झालं. कसाई ओरोस्मानने मांस तोलता तोलता सुरी त्याच्याकडे रोखली.

“पोराला सांग, घरी जेवायचं असेल तर चेंडू ओढ्यात मारायचा.”

“तू तुझी हाडं तोल. गेल्या वेळी अर्धं चरबीच दिलीस.”

“चेष्टा नाही करत मी. रविवारी तू कोणाच्या बाजूने?”

“हा काय प्रश्न झाला?” एल्बिओ खरोखरच चिडला. “तपकिरी! लहानपणापासून ओळखतोस आणि मला विचारतोस?”

ओरोस्मान ओशाळला आणि त्याने एक सॉसेज वर टाकलं.

गुरुवारी एकोणतीस तारीख होती, म्हणून इल्दाने न्योकी, म्हणजे बटाट्याचे उकडलेले छोटे गोळे, केले होते आणि रिवाजाप्रमाणे प्रत्येकाच्या ताटाखाली एक नोट सरकवली होती, येणारा महिना बरा जावा म्हणून. लीबेर आला तो जिन्यावर एक-एक पायरी बघत आला. इल्दाने दोघांनाही ताकीद दिली. “टेबलावर फुटबॉल काढला तर सॉस डोक्यावर ओतीन.” म्हणून त्यांनी हवेबद्दल बोलून घेतलं, शेजारच्या कुत्र्याबद्दल बोलून घेतलं, आणि इल्दा आत भांडी घासायला गेल्याबरोबर दोघं बाहेर पायरीवर जाऊन बसले. एल्बिओने माते नावाच्या कडू चहाचा तुंबा भरून पोराच्या हातात दिला.

“बाबा, मी गुडघा दुखतोय म्हणून सांगतो. बाहेर बसतो.”

“आणि तो मेक्सिकोवाला कोणाला बघणार? बाकावर बसलेल्याला?”

“तुमचं काय होईल पण?”

“आमचं आम्ही बघू. तू तुझं खेळ. मुद्दाम हळू धावलास ना, तर मला कळेल. चालायला मी शिकवलंय तुला. आणि कळलं तर या दारात पाय ठेवायचा नाही.”

“गोल झाला तर?”

“झाला तर झाला. आमचे बचाववाले काय झोपा काढायला येतात?”

लीबेर हसला. बऱ्याच दिवसांनी हसला तो. एल्बिओला त्या हसण्याचं बरं वाटलं, आणि आपण किती न्यायाने बोललो याचंही थोडं बरं वाटलं. रात्री तो लगेच झोपला.

रविवारी मैदानावर मुंगीला जागा नव्हती. काखेत थर्मास, हातात तुंबा, खांद्यावर पोरं, म्हाताऱ्या बायका घरच्या खुर्च्या घेऊन आलेल्या. पाहुण्यांच्या गॅलरीत पुंता ब्रावाचे शे-दीडशे लोक होते, त्यांनीही आज नाकाला चिमटे लावले नव्हते. दुसऱ्याच्या घरी मयत असताना माणूस जसा वागतो तसे ते वागत होते.

कुर्तिएंब्रेने पहिल्या अर्ध्या तासात गोल केला आणि मैदान एवढं हललं की एल्बिओच्या बाकाखालची पाण्याची बाटली आडवी झाली. उत्तरार्धात पुंता ब्रावाने बरोबरी केली. तो गोल लीबेरचा नव्हता, आणि एल्बिओने मनातल्या मनात देवाचे आभार मानले. लीबेर मात्र प्रामाणिकपणे खेळत होता. प्रत्येक चेंडूमागे जात होता, पडत होता, गुडघ्यावर हात दाबून उठत होता. आमचे लोक त्याला शिट्ट्या मारत नव्हते. आपलंच पोर, काय मारणार?

सत्तराव्या मिनिटाला डावीकडून उंच चेंडू आला आणि लीबेर दोघा बचाववाल्यांच्या वर उडाला. डोकं बरोबर लागलं. चेंडू गोलकडे निघाला आणि कुर्तिएंब्रेच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, “घुस!”

चेंडू आडव्या खांबावर आदळून बाहेर गेला. सगळं मैदान हुश्श झालं. एल्बिओने पाहिलं तर सहायक प्रशिक्षक त्याच्याकडे टक लावून बघत होता, आणि तेव्हा त्याला कळलं की ओरडणारा तो स्वतःच होता. तो खाली वाकून उगाच बुटांच्या नाड्या बांधत बसला. एकतीस वर्षांत या बाकावर बसून त्याने कधी आपल्याच गोलात चेंडू जावा असं म्हटलं नव्हतं. झोपेतसुद्धा नाही.

कुर्तिएंब्रेची एक जुनी श्रद्धा आहे. शेवटची दहा मिनिटं राहिली की सामानवाल्याने आपल्या गोलच्या मागे जाऊन उभं राहायचं. तेरा वर्षांपूर्वी असंच एकदा एल्बिओ कोरडा टॉवेल द्यायला तिथे गेला आणि त्या दहा मिनिटांत समोरच्यांचे तीन फटके खांबांना लागले. तेव्हापासून तो गेला नाही तर गॅलरी चुळबुळायला लागते, म्हातारे नावाने हाका मारायला लागतात. पंचांनीही या गोष्टीकडे कानाडोळा करायचं ठरवलेलं आहे. तसा तो ऐंशीव्या मिनिटाला टॉवेल आणि बाटली घेऊन उठला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता काही होत नाही, म्हातारबा गेला मागे.

सत्त्याऐंशीव्या मिनिटाला आमच्या बचाववाल्याचा हात चेंडूला लागला. चांगला कोपरापर्यंत लागला, उगाच पंचाला कशाला शिव्या द्या? पेनल्टी.

आमचे खेळाडू पंचाभोवती गोळा झाले, पण त्यांच्या बोलण्यात जोर नव्हता. पुंता ब्रावासाठी पेनल्टी मारणारा खेळाडू केव्हाच बदलून बाहेर गेला होता. त्यांच्या कप्तानाने चेंडू उचलला, इकडेतिकडे पाहिलं, आणि तो लीबेरच्या छातीवर टेकवला. त्याचा हेतू चांगलाच होता. बिचाऱ्याचा मार्चपासून गोल नाही, वर मेक्सिकोवाला बसलाय, मारू दे. लीबेरने मान हलवली, चेंडू परत द्यायला बघितला, पण कप्तान पाठ फिरवून निघून गेला होता.

आमचा गोलकीपर विल्मार पाणी प्यायच्या निमित्ताने खांबाशी आला. बावीस वर्षांचा, ताडमाड, याच वस्तीतला. बाटली तोंडाला लावली, पण पाणी प्यायला नाही.

“म्हातारबा,” तो हळूच म्हणाला, “कुठे मारतो?”

एल्बिओ टॉवेलाची घडी घालायला लागला.

“म्हातारबा, तुला पाप लागेल माहितीय मला. पण सांग. अख्ख्या वस्तीसाठी सांग.”

कुठे मारतो! नऊ वर्षांचा असल्यापासून लीबेर याच गोलमध्ये मारत आला होता आणि गोलमध्ये एल्बिओ उभा राहत आला होता. सगळे गेले की दोघंच. पोरगं घाबरायचं. बाप समोर असला की जास्तच घाबरायचं. तेव्हा एल्बिओनेच त्याला सांगितलं होतं की भीती वाटली की ओढ्याचा कोपरा. खालून, गवताला घासून. दुसरा विचारच करायचा नाही. पुंता ब्रावासाठी त्याने कधी पेनल्टी मारली नव्हती, त्यामुळे ही गोष्ट साऱ्या उरुग्वेत दोनच माणसांना ठाऊक होती.

त्याने पलीकडे पाहिलं. लीबेरने चेंडू ठेवला होता आणि तो कमरेवर हात देऊन उभा होता. चेहरा पांढराफटक. तो चेंडूकडे नाही, पंचाकडे नाही, सरळ एल्बिओकडे बघत होता. एल्बिओकडे आणि त्याच्या कानाशी वाकलेल्या विल्मारकडे. सांगू नकोस, असं म्हणतायत ते डोळे, बाबा सांगू नकोस, असं त्याला वाटलं.

क्लब याआधी दोनदा खाली गेला होता आणि दोनदा वर आला होता. क्लब पडतो, उठतो. पंचविसाव्या वर्षी गुडघा गेलेला, करार संपलेला, मेक्सिकोवाल्यासमोर पेनल्टी हुकलेला माणूस कुठून उठणार? हे सगळं एल्बिओने खरंच एवढं नीट विचारात घेतलं का, हे त्याला पुढे कधी आठवलं नाही. शब्द तोंडातून निघून गेले एवढं आठवत होतं.

“धुराड्याकडे.”

“नक्की?”

“धुराड्याकडे. खाली. नेहमी.”

विल्मारने त्याच्या दंडाला घट्ट धरलं आणि तो गोलरेषेवर जाऊन उभा राहिला.

लीबेर तीन पावलं मागे गेला. शिट्टी झाली. तो धावत आला, धावत कसला, चालतच आला, आणि चेंडूला पाय लावला. विल्मारने धुराड्याच्या बाजूला झेप घेतली. अशी झेप की जन्मात एकदाच जमावी, हात पार खांबापर्यंत पोचले. आणि चेंडू ओढ्याच्या कोपऱ्यात, गवताला घासत, लोळत लोळत आत गेला. इतका सावकाश गेला की जाळीमागून एल्बिओने पाय पुढे केला असता तरी अडला असता.

लीबेरने आनंद केला नाही. ज्या क्लबात वाढलो त्याच्यावर गोल केला की दोन्ही हात वर करून माफी मागायची असते, तेही त्याने केलं नाही. त्याचे सोबती येऊन गळ्यात पडत होते आणि तो त्यांच्या खांद्यांवरून भलत्या बाजूला पडलेल्या विल्मारकडे बघत होता. मग त्याने एल्बिओकडे पाहिलं. एल्बिओने मान खाली घातली.

उरलेली मिनिटं कशी गेली कोणाला सांगता येणार नाही. शेवटची शिट्टी झाली तेव्हा कोणी दगड मारला नाही, कोणी शिव्या दिल्या नाहीत. लोक जागचे हललेच नाहीत. ओरोस्मान थर्मास काखेत धरून उभा होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पुसायचंही भान नव्हतं त्याला. म्हाताऱ्या बायका आपापल्या खुर्च्यांवर बसून होत्या. त्यातल्या एकीचा नवरा एल्बिओच्या बापाबरोबर विटा वाहायचा. ती आपल्याशीच म्हणत होती, “एवढं चांगलं खेळली पोरं, एवढं चांगलं खेळली.”

कपडे बदलायच्या खोलीत कोणी दिवाही लावला नव्हता. एल्बिओ सवयीने जमिनीवरचे शर्ट गोळा करायला लागला, तेव्हा विल्मार कोपऱ्यातून उठला. डोळे सुजलेले. त्याने एल्बिओला मिठी मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

“ऐका रे. यानं मला बाजू सांगितली होती. स्वतःच्या पोराची! त्या हलकटाने ऐन वेळी बदलली, त्याला हा काय करणार? पण यानं सांगितलं होतं. स्वतःचं पोर आपल्यासाठी विकलं यानं. म्हातारबा, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.”

मग एकेक जण उठला. घामाने, मातीने भरलेले, रडून लाल झालेले ते पोरगे ओळीने आले आणि प्रत्येकाने एल्बिओला छातीशी धरलं. प्रशिक्षकाने त्याच्या डोक्याचा मुका घेतला. एल्बिओला बोलायचं होतं. तोंडही उघडलं त्याने. पण त्यातून आवाज निघाला नाही, आणि म्हातारा दुःखाने मुका झाला असं समजून त्यांनी त्याला आणखी घट्ट धरलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला त्या वेळी अगदी मनापासून वाटलं.

सगळे गेल्यावर दारात लीबेर आला. अंगावर पुंता ब्रावाचाच शर्ट होता. तो उंबऱ्याच्या आत आला नाही.

“मेक्सिकोवाला भेटला?” एल्बिओने विचारलं.

“हात मिळवून गेला. उद्या बोलावलंय.”

“मग झालं तर.”

“बाबा, विल्मारने तुला विचारलं नाही का?”

“विचारलं.”

“मी बघितलं तो तुझ्याशी बोलताना. म्हणून तर मला धीर आला.” लीबेरचा आवाज चिरकत होता. “मी वर आकाशात मारू शकलो असतो. पण तू म्हणालेलास, मुद्दाम केलंस तर कळेल. म्हटलं, आपण आपला कोपरा सोडायचा नाही. हळू मारायचा. बाबा सांगणारच, विल्मार आधीच तिथे पडलेला असणार. अडवेल. तुम्ही वाचाल. मला कोणी काही म्हणणार नाही, तूसुद्धा नाही. आणि विल्मार पलीकडे कसा गेला? तू त्याला काय सांगितलंस?”

एल्बिओच्या हातात शर्टांचा ढीग होता. तो त्याने खाली ठेवला.

“धुराड्याकडे,” तो म्हणाला.

लीबेर तिथेच उंबऱ्यावर बसला, गुडघा सरळ ठेवून, आणि लहानपणी रडायचा तसा तोंड उघडं टाकून रडायला लागला.

“असं का केलंस? मला वाटलं होतं, तू क्लबचा आहेस.”

“मलाही तसंच वाटत होतं रे,” एल्बिओ म्हणाला.